डाव्या अंगाची पात

पैऱ्यात पैसा फिरत नाही, म्हणूनच त्याचा हिशेब लोक पैशापेक्षा कडक ठेवतात. आज तुझ्या रानात माझी दोन माणसं राबली, तर उद्या माझ्या रानात तुझी दोन यायची. एकच आलं आणि दुसऱ्याच्या बदली कळशीभर ताक आलं, तर ते ताक पुढच्या सुगीपर्यंत मनात आंबत राहतं.

रहिमतपूरच्या अलीकडं, ओढ्याकाठच्या वाडीत सोयाबीन काढणीचा असा पैरा होता. त्याचा कारभार लालासाहेबाकडं. साठी उलटलेला गडी, सगळे त्याला आबा म्हणत. कुणाची किती माणसं कुणाच्या रानात राबली, हे त्याच्या डोक्यात असायचं. आणि कुणाच्या लग्नात कुणी जुनंच पातळ नवं म्हणून आहेर केलं, तेही त्याच डोक्यात, शेजारच्याच कप्प्यात.

त्या साली काढणीच्या तोंडावर तो मालनच्या अंगणात बशीतला चहा फुंकत बसला होता. नात्यानं तो मालनचा चुलत सासरा.

"तुजं एक माणूस धरलं," तो म्हणाला. "मानसिंगाचं काय?"

"त्यांचं काय म्हंजे? दोन हात हायती त्यास्नी."

"हात हायती गं. मी वरचं म्हणतोय." लालासाहेबानं बोट कपाळाच्या बाजूला नेलं, आणि अंबूबाई उंबऱ्यात बसलीय हे दिसल्यावर तिथंच खाजवल्यासारखं केलं. मानसिंग हा अंबूबाईचा एकुलता लेक, मालनचा नवरा. "अर्धा गडी धरतो. तू एक, त्यो अर्धा. दीड."

"पुरा धरा, आबा. त्यांची पात मागं पडली तर मी वडीन."

"बघ हां. झेपत नसंल तर वड्याकडचं रान माज्याकडं दे वाट्यानं. घरातलंच हाय."

घरातलंच होतं खरं. गावात ज्याचं रान ज्याच्या घशात गेलं, ते बहुतेक घरातल्याच घशात गेलेलं असतं.

"पुरा धरा," मालन पुन्हा म्हणाली. लालासाहेबानं बशी खाली ठेवली आणि मानसिंगला पुरा धरला.

मानसिंग फौजेतून पेन्शन घेऊन आला त्याच वर्षी कोरेगाव रस्त्यावर रात्री गतिरोधकावरून मोटारसायकलीसकट उडाला होता. मिरजेला नेऊन डोक्याची उजवी बाजू उघडावी लागली. काही महिन्यांनी तो आपल्या पायांनी घरी आला, नीट बोलला, माणसं ओळखली. केळी-मोसंबी घेऊन भेटायला आलेल्यांनी डोक्यावरची खूण पाहिली, पुढं तिच्यावर केस आले, आणि गावाच्या लेखी ते प्रकरण मिटलं. देवानं राखला.

घरात मात्र ते रोज नव्यानं सुरू व्हायचं. मानसिंगच्या जगाला डावी बाजूच उरली नव्हती. ताटातल्या भाकरीचा उजवा अर्धा खायचा आणि दुसरी मागायचा. दाढी उजव्या गालाची करून उठायचा. दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटायचा आणि चौकट कुणी हलवली म्हणून विचारायचा. डोळे चांगले होते. डॉक्टरांनी तपासून दाखवलं होतं. डोळ्यांनी आणलेला डावीकडचा माल मेंदू उतरवूनच घेत नव्हता. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मिरजेत बजावलं होतं, "डावीकडून बोलत जा. ताट फिरवून देऊ नका, त्यांना मान फिरवायला लावा." अंबूबाईनं तिथं मान डोलावली आणि घरी येऊन पहिल्याच जेवणाला ताट फिरवलं.

"आत्ती, बाईंनी काय सांगितलंय?"

"उपाशी ऱ्हाईल लेकरू."

"बेचाळीस वर्सांचं लेकरू."

सगळ्यात अवघड हे की मानसिंगला स्वतःला त्यातलं काही पटत नव्हतं. "मला समदं दिसतं," तो म्हणायचा, आणि तो खोटं बोलत नव्हता.

त्यामुळं पैऱ्याच्या प्रत्येक रानात मालननं आपली पात त्याच्या डाव्या अंगाला धरली. पात म्हणजे चार ओळींचा पट्टा. ज्यानं धरला त्यानं तो या बांधापासून त्या बांधापर्यंत कापत न्यायचा. मालन आपली पात कापायची, मानसिंगनं सोडलेली डावी ओळही कापायची, आणि त्यानंच कापल्यासारखी त्याच्या ढिगावर ठेवायची. सारखी बोलत राहायची, म्हणजे निदान आवाजाच्या ओढीनं तरी त्याची मान वळेल.

पैऱ्यातली दगडाबाई जिभेनंही कापायची. "काय गं मालन, नवऱ्याचं डावं अंग सोडीनास. पळून जातोय का काय?"

"पळालं तर तुमच्याच रानात घावतील, मामी."

बायका हसल्या. मालनही हसली. कारण मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की अर्धा गडी. दीड माणसाचा पैरा फिटायचा तर ओढ्याकडच्या रानाचा एक पट्टा उभा राहणार. पिकल्या सोयाबीनला आश्विनातल्या एका कडक दुपारचं ऊन पुरतं, शेंगा तडकतात आणि दाणा भुईवर. बाहेरची मजुरांची टोळी दिवाळीनंतरचं बोलत होती. आणि रानाहून मोठी गोष्ट ही, की पैऱ्यातून एकदा नाव उतरलं की मानसिंग कायमचा बाजेवर. मग लोक त्याला चहा देतील, तंबाखू देतील, रामराम घालतील. काम देणार नाहीत. तशी दोन माणसं गावात होती. त्यांच्याकडं बघून मालननं ठरवलं होतं.

लालासाहेबाच्या रानात ऊन मी म्हणत होतं. सोयाबीनची सडं पायांना टोचत होती, मानेवर भुसा चिकटला होता. तिसऱ्या प्रहराला लालासाहेब बांधावरून म्हणाला, "मालन, घरनं च्या घिऊन ये जा. आमची म्हातारी एकटी हाय, तिला किटली उचलत न्हाई."

"दुसरं कुणी गेलं तर?"

"तुजी पात समद्यांच्या फुडं हाय. तूच मोकळी."

खरंच पुढं होती. नाही म्हणायला कारण लागतं, आणि असलेलं कारण तिनं लपवलेलं होतं. ती मानसिंगच्या समोर जाऊन वाकली. "आले मी. तवर जरा बसा."

"कशाला बसू? दमलोय का?"

ती जवळजवळ पळतच गेली.

उजवीकडं एक पात सोडून ज्ञानू होता. मानसिंगचा लहानपणचा सोबती. आपली पात बांधाला लावून तो मागं वळला, तर मानसिंग अर्ध्यातच, आणि डावीकडची ओळ उभीच. इथली रीत अशी की सोबत्याची पात मागं पडली तर बोलून दाखवायचं नाही. बोललं की अपमान. गुपचूप वाकायचं, त्याच्या बाजूच्या ओळीत शिरायचं, तेवढं ओझं काढून द्यायचं आणि त्यानं बघायच्या आत निघून जायचं. ज्ञानूनं तेच केलं. वाकला, डावीकडून शिरला, आणि जुडगा धरायला हात पुढं घातला. मानसिंगच्या विळ्याची ओढही नेमकी तिकडंच आली.

मालन किटली घेऊन बांधावर आली तेव्हा ज्ञानू खाली बसला होता. अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात त्यानं डोक्याला बांधायचं टापरं दाबून धरलं होतं, ते भिजून मनगटावर गळत होतं. भोवती माणसं. आणि मानसिंग दोन हात पुढं सरकून सोयाबीन कापत होता.

जखमेपेक्षा हे लोकांना गिळवेना.

"थांब की रं, माणूस कापलास तू," लालासाहेब म्हणाला.

मानसिंगनं मान वर केली. "कुनाला?"

"कुनाला इचारतोय बघा," दगडाबाई म्हणाली.

ज्ञानूला धरून उभा केला, उजवीकडून समोर आणला. मानसिंगनं रक्त पाहिलं आणि दचकला. "आरं, कशानं लागलं?"

"तुज्या इळ्यानं."

"माज्या? न्हाई बा. हितं कुनीच नव्हतं."

ज्ञानूनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि मोटारसायकलीवर मागं बसून टाके घालायला गेला.

चहा किटलीत निवला. मालननं विळा मानसिंगच्या हातातून काढून घेतला आणि सगळ्यांसमोर उभी राहून सांगितलं. डावीकडचं त्यांना उमगत नाही. डोळ्याला दिसतं, मेंदूला पोचत नाही. म्हणून मी त्या अंगाला असते.

"आनि हे तू आज सांगतीस," लालासाहेब म्हणाला.

ते बरोबर होतं.

"तुमी मला च्याला धाडलं, आबा," ती म्हणाली.

तेही बरोबर होतं. दोन्ही बाजू सारख्याच भरल्या. बाकी राहिला ज्ञानूचा हात.

"उद्या तुज्या रानाची पाळी," लालासाहेब टॉवेल झटकत म्हणाला. "मी सांगंन समद्यास्नी. पर हात कापून घ्यायला कोन यील, हे मी कसं सांगू?"

दिवस कलायच्या आत दगडाबाई निरोप घेऊन आली. ज्ञानू घरी आलाय, टाके पडलेत. हाताचं काही नाही म्हणतो, भरेल. मानसिंगनं एकदा तोंडानं म्हणावं, माझ्या हातनं झालं. एवढंच. "त्यो आला तर बाकीची येत्यात," दगडाबाईनं स्वतःच्या पदरचं घातलं. "न्हाईतर समद्यांच्या घरात उद्या कुनाचं ना कुनाचं पोट दुखनार."

मानसिंग गोठ्यात म्हशीपुढं कडबा टाकत होता. गव्हाणीच्या उजव्या कडेला ढीग, डावी रिकामी. मालन त्याच्या डावीकडं गेली, मग उजवीकडं आली. आज वळवत बसायला सवड नव्हती.

"चला ज्ञानू भावजींकडं. आनि एवढंच म्हना, ज्ञानू, माज्या हातनं झालं."

"झालं न्हाई."

"झालं न्हाई तरी म्हना."

"खोटं?"

मालन थांबली. त्याच्या हिशेबानं ते खोटंच होतं. "व्हय," ती म्हणाली. "माज्यासाठी खोटं म्हना."

"म्हन की लेकरा," अंबूबाई दारातून म्हणाली. "एका खोट्यानं काय अंगाला भोकं पडत्यात?"

मानसिंगनं हात झाडले. "ठीक हाय."

ज्ञानू ओट्यावर बसला होता, पट्टी बांधलेला हात उशीवर. मानसिंग जाऊन त्याच्यापुढं ताठ उभा राहिला, साहेबापुढं राहावं तसा. मालन मागं.

"मालन म्हनती, म्हन माज्या हातनं झालं," मानसिंग म्हणाला. "म्हनतो. माज्या हातनं झालं. पर गड्या, मी तुला बघितलाच न्हाई."

मालननं डोळे मिटले. दोन वाक्यं मिळवली होती, तिसऱ्यानं गेली.

ज्ञानू उठला. तोंड आवळून घरात जायला निघाला. दार मानसिंगच्या डाव्या हाताला होतं. मानसिंग मात्र उशीकडं बघत बोलतच राहिला. "लय लागलं का? हळद भरली का न्हाई?" मग तो थांबला. ओट्याकडं, अंगणाकडं, उजवीकडच्या पेरूकडं पाहिलं.

"गेला व्हय उठून? सांगून तरी जायाचं."

ज्ञानू त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. त्यानं पट्टीचा हात मानसिंगच्या डाव्या कानाजवळ हलवला. काही नाही. तो हळूच मागून फिरून उजवीकडं आला.

"हा, आलास," मानसिंग म्हणाला.

ज्ञानू पुन्हा डावीकडं गेला. पुन्हा नाही. शेळीला पाला दाखवून लपवावा तसं त्यानं एकदा-दोनदा करून पाहिलं, आणि मग त्यालाच ते बघवेना.

"वैनी, हे आल्यापास्नं असं हाय?"

"व्हय."

"आनि मला सांगितलं न्हाईस." विळा लागला तेव्हा तो इतका दुखावलेला दिसला नव्हता. "देवळाच्या कट्ट्यावर मी ह्याच्या शेजारी बसायचो, ह्यो बोलायचा न्हाई. मला वाटायचं, पेन्शन आली, मस्ती आली. दोन वर्सं मी मनात धरून बसलोय."

"कुनाचं काय मनात धरून बसलायस?" मानसिंगनं समोर बघून विचारलं.

ज्ञानूनं दाढी खाजवली. साताऱ्याच्या भरतीला दोघं एकाच ट्रकातून गेले होते. मानसिंग निवडला गेला, ज्ञानू छातीच्या मापात बाद झाला. तरी मानसिंग सुट्टीवर आला की त्याच्याकडून परेड शिकून ज्ञानू माळावर एकटाच करायचा. गावात त्यावरून हसं व्हायचं. आता तो मानसिंगच्या डाव्या अंगाला दोन पावलं सरकला, टाचा जुळवल्या आणि बेंबीच्या देठापासून हुकूम सोडला.

"बायें देख."

मानसिंगची मान खटक्यानं डावीकडं वळली. हनुवटी वर, नजर थेट ज्ञानूच्या डोळ्यांत.

"हितंच हायस की," तो म्हणाला. "मग मगाधरनं गप का?"

मालन ओट्याच्या पायरीवर बसली. दोन वर्षं तिनं बांगड्या वाजवल्या होत्या, हाका मारल्या होत्या, हनुवटी धरून तोंड फिरवलं होतं. इतकं सरळ त्यानं तिकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

सकाळी दुसरी अडचण पुढ्यात होती. ज्याचं रान त्याच्या घरचं जेवण, ही पैऱ्याची रीत. घरधनीण पातीला उभी राहत नाही, चुलीपुढं असते. अंबूबाईला भाकरी थापता आल्या असत्या, पाटी डोक्यावर घेऊन रानापर्यंत चालवलं नसतं. मालननं पीठ मळता मळता मानसिंगला ज्ञानूबरोबर जाताना पाहिलं. उजवीकडं चाललेल्या मानसिंगच्या हातात विळा, डावीकडच्या ज्ञानूच्या गळ्यात अडकवलेला हात.

ज्ञानू निघालेला बघून दगडाबाईचं दार उघडलं. मग बाकीची. लालासाहेब सगळ्यात शेवटी आला, विळा काखेत.

"हात बांधून आलायस," तो ज्ञानूला म्हणाला. "तुला पैऱ्यात काय म्हनून धरायचा?"

"मला धरू नगा, आबा. मी हुकूम द्यायला आलोय."

"आनि ह्यो? आज तरी अर्धा धरू का?"

"सांजंला बघू."

पाती धरल्या गेल्या. मानसिंगच्या डाव्या हाताला कुणी उभं राहिलं नाही. चार ओळींची जागा तशीच सोडून माणसं पलीकडं सरकली. जो तो आपल्या विळ्याची धार अंगठ्यावर बघत होता. त्या मोकळ्या पट्ट्यातून ज्ञानू चालू लागला. मानसिंग वाकला, विळा उचलला, की हुकूम. मान वळायची, डावी ओळ दिसायची, कापली जायची.

"रान हाय का परेडचं मैदान?" दगडाबाई म्हणाली. "ज्ञानबा, फौजंनं तुला घेतलं न्हाई ते बरं केलं. दुश्मन आवाजानंच बहिरा झाला असता."

"मामी, पात वाकडी चालली तुमची. तुमालाबी देऊ का हुकूम?"

हसणं झालं, पण बारीक. प्रत्येकाचा एक डोळा मानसिंगच्या विळ्यावर होता. त्याला घाम फुटला होता. प्रत्येक वळणाला मानेची शीर ताठ व्हायची; न दिसणाऱ्या जागी दर वेळी नव्यानं जावं लागत होतं त्याला. पात मागं पडत होती. पण मागं ओळ उभी राहत नव्हती. ऊन चढलं तसा ज्ञानूचा आवाज बसत गेला, आणि मध्येच कधीतरी हुकूम यायच्या आधी मान वळायला लागली.

मालन पाटी घेऊन बांधावर पोचली तेव्हा आधी तिनं ज्ञानूला शोधलं. तो बाभळीखाली होता. पट्टी सुटली होती, दातानं गाठ ओढत होता. मानसिंग पातीत एकटा. आणि आपली पात संपवून परतणारा लालासाहेब, जन्मभराच्या सवयीनं, मागं पडलेल्या पातीकडं वळत होता.

तो वाकला. न बोलता, बघायच्या आत निघून जायचं म्हणून हलक्या पावलानं, डावीकडच्या ओळीत शिरला. पहिली मूठ कापली. दुसरीला हात घातला.

मालनच्या डोक्यावर पाटी, हातात कळशी. ओरडावं तर ती उजवीकडं उभी होती; मानसिंग वळला असता तर तिच्याकडंच, आणि विळा गेला असता आबांच्या हातावर. बाभळीखाली ज्ञानूनं मान वर केली, दातात पट्टी तशीच, आणि तो उठून पळत सुटला.

मानसिंगनं विळा उचलला. उचललेलाच ठेवला. त्याचे ओठ हलले.

"बायें देख," तो स्वतःशीच म्हणाला.

मान वळली, सावकाश, गंजलेली कडी सरकवावी तशी. लालासाहेबाचा हात त्याच्या विळ्याखाली, वीतभर अंतरावर. मानसिंगनं तो हात पाहिला, मनगट पाहिलं, वर तोंडापर्यंत पाहत गेला.

"आबा?"

"व्हय," लालासाहेब जागचा हलला नाही. "तुजी पात मागं पडली, म्हनून म्हनलं जरा—"

"माजीच हाय न्हवं?"

"तुजीच की."

"मग सरा मागं."

रानातले विळे थांबले होते. एवढ्या सुग्यांमध्ये लालासाहेबाला असं कुणी म्हटलं नव्हतं. तो माणसांना मागं सरायला सांगायचा. त्यानं विळ्याकडं पाहिलं, धापा टाकत आलेल्या ज्ञानूकडं पाहिलं, बांधावर पाटी घेऊन उभ्या असलेल्या मालनकडं पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठला आणि उलट्या पावली ओळीतून बाहेर निघाला. जाताना कापलेली मूठ त्याच्या हातातच होती. ती कुठं टाकावी म्हणून तो क्षणभर थांबला, आणि ती त्यानं मानसिंगच्या ढिगावर ठेवली.

मानसिंग तो पुरता बाहेर पडेपर्यंत थांबला. पुन्हा एकदा डावीकडं पाहून घेतलं, कुणी नव्हतं. मग त्यानं पुढचा जुडगा धरला.